शाळेचे दाखले डेटाबेसमध्ये कसे साठवावेत? (लिब्रेऑफिस बेस वापरून एक पाठ)



आजचा पाठ संगणकाचा आहे, पण सुरुवात कपाटातल्या जुन्या रजिस्टरापासून करू या.

२०२३ ची दिवाळी आठवते ना? त्या वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यापुरता होता, मग तो राज्यभर सुरू झाला. महसूल आणि भूमी अभिलेखाच्या कागदांबरोबर शाळांची जनरल रजिस्टरंही उघडली गेली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळांनीही ती उघडली. इतर मागास प्रवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा धरला जातो. त्यामुळे आपण ज्यांच्याकडे कधी वळूनही पाहत नव्हतो, त्या पिवळ्या पानांना एकाएकी मोल आलं.

त्या दिवसांत एक आजोबा नातवाला घेऊन शाळेत आले. "गुरुजी, माझ्या वडिलांचं नाव याच शाळेत आहे. मागं एकदा कुणीतरी काढून दिलं होतं." आम्ही दोघं शिक्षक शाळा सुटल्यावर तीन दिवस पानं उलटत होतो. नोंद सापडली, पण पान क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याच गडबडीत हरवली. महिनाभरानं आजोबांचे पुतणे त्याच नोंदीसाठी आले आणि आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. यावेळी ते पान घडीवर फाटलं. चूक आमचीच होती. एकदा शोधलेली गोष्ट दुसऱ्यांदा शोधावी लागते, याचा अर्थ आपण ती साठवलेलीच नव्हती.

त्यानंतर जे शिकलो, ते आज तुमच्यासमोर मांडतो. यासाठी विकत काहीच घ्यायचं नाही. लिब्रेऑफिस हा ऑफिस संच मोफत आहे. त्यात लेखनासाठी रायटर, तक्त्यांसाठी कॅल्क आणि डेटाबेससाठी बेस आहे. हे तिघे एकमेकांशी बोलू शकतात, आणि थोडं प्रोग्रामिंग केलं की आपल्या वतीने कामही करतात.

१. एक्सेलमध्ये केलं तर नाही का चालणार?

हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत येतो. निकालपत्रकासाठी एक्सेल उत्तमच आहे. पण दाखल्यांच्या कामात तीन अडचणी येतात.

पहिली, एक्सेलमध्ये कुठल्याही चौकटीत काहीही लिहिता येतं. जन्मतारखेच्या रकान्यात कुणी "माहीत नाही" लिहिलं तरी ते मुकाट स्वीकारतं. डेटाबेसमध्ये रकान्याचा प्रकार आधी ठरतो. तारखेच्या जागी तारीखच लागते.

दुसरी, एक रकाना क्रमाने लावताना शेजारचे रकाने निवडायचे राहिले, तर एकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या नावापुढे जाते. हे ज्याच्या हातून झालंय, त्याला वेगळं सांगायला नको. डेटाबेसमध्ये एका मुलाची ओळ म्हणजे एक गठ्ठा, तो सुटत नाही.

तिसरी, आणि जुन्या रजिस्टरांसाठी सर्वांत महत्त्वाची: एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. १८९४ साली जन्मलेल्या मुलाची तारीख एक्सेल नुसता मजकूर म्हणून धरतं. शिवाय "५-३-२८" असं दोन आकडी वर्ष टाकलं की प्रोग्राम स्वतःच शतक ठरवतो, आणि १९२८ साली जन्मलेले आजोबा २०२८ साली जन्माला येतात! म्हणून वर्ष नेहमी चार आकडीच लिहायचं.

२. आधी अक्षरं सरळ करा

जुन्या फाइली बऱ्याचदा सुरेख, शिवाजी किंवा श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत वेगळीच चिन्हं असतात. फॉन्ट बदलला की "गणपत"चा काहीतरी भलताच गिचमिडा होतो. असा मजकूर शोधता येत नाही. डेटाबेसमध्ये फक्त युनिकोड मराठीच भरा. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला फार दिवस लागत नाहीत.

युनिकोडमध्येही एक मेख आहे. "कऱ्हाड" या शब्दातला ऱ्ह दोन पद्धतीने टाइप होतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे. आमच्याकडे कारखान्यावर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलाचं जन्मस्थळ कऱ्हाड होतं. तो शोधून सापडेना, कारण भरणारे आम्ही दोघं आणि कळफलक दोन. तेव्हा शाळेत सर्वांनी एकच कळफलक वापरायचा, हा पहिला नियम करा.

३. तक्ते किती आणि कोणते?

बेस उघडा, नवीन डेटाबेस तयार करा. "डेटाबेस रजिस्टर करायचा का?" या प्रश्नाला होय म्हणा. तसं केलं तरच रायटर आणि कॅल्कला तो दिसतो. त्यात चार तक्ते करा.

*विद्यार्थी:* प्रत्येक मुलाची एक ओळ.

*दस्तऐवज:* प्रत्येक फाइलची एक ओळ. रजिस्टरच्या पानाचा फोटो, जुना दाखला, वडिलांचा अर्ज, जे असेल ते.

*जोड:* कोणता विद्यार्थी कोणत्या दस्तऐवजात आहे.

*दिलेले दाखले:* आपण कुणाला, कधी, कोणता दाखला दिला.

"जोड" कशाला? असं पाहा, रजिस्टरच्या एका पानावर पंधरा-वीस मुलं असतात. म्हणजे एका फाइलमध्ये अनेक मुलं. उलट एकाच मुलाची तीन-चार कागदपत्रं असतात. म्हणजे एका मुलाच्या अनेक फाइली. दोन्ही बाजूंनी "अनेक" आले की मध्ये पुलासारखा तिसरा तक्ता लागतो. त्यात फक्त दोन रकाने: विद्यार्थ्याचा क्रमांक आणि दस्तऐवजाचा क्रमांक. हा पूल नसेल, तर त्याच पानाची फाइल वीस वेळा नोंदवावी लागेल.

आता "विद्यार्थी" तक्त्याचे रकाने. इथे घाई करू नका, सगळा पाठ इथेच आहे.

नोंद क्रमांक: जनरल रजिस्टरचा क्रमांक एकमेव असतो असं आपण धरतो. पण जुन्या शाळेत पहिलं रजिस्टर संपलं की दुसऱ्यात काही वेळा पुन्हा एकपासून आकडे सुरू केलेले दिसतात. म्हणून रजिस्टर क्रमांक आणि नोंद क्रमांक असे दोन वेगळे रकाने ठेवा. दोन्ही मिळून एकमेव असा नियम लावा. शिवाय संगणकाने आपोआप दिलेला एक आयडी ठेवा.

नाव: "पूर्ण नाव" असा एकच रकाना कधीही करू नका. स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे चार रकाने करा. राज्य शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदावर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. ही मुलं काही वर्षांतच पहिलीत येतील. नाव तुकड्यांत साठवलेलं असेल, तर छापताना क्रम बदलणं हे एका ओळीचं काम आहे. नसेल, तर शेकडो नावं हातानं फोडावी लागतील.

जन्मतारीख: दोन रकाने. एकात खरी तारीख, दुसऱ्यात रजिस्टरात जसं लिहिलंय तसंच अक्षरी. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती तारीख गुरुजींनी अंदाजाने घातली असली, तरी नोंद म्हणून तीच खरी. आपण ती सुधारायची नाही.

जन्मस्थळ आणि जात: मूळ नोंदीत असेल तसंच. कुठे आखडून लिहिलंय, कुठे जुनं वळण आहे, कुठे मोडी आहे. मोडीचं वाचन कुणाकडून करून घेतलं असेल, तर ते वेगळ्या रकान्यात लिहा आणि वाचणाऱ्याचं नाव त्यापुढे टाका. आपला अर्थ मूळ नोंदीवर चढवायचा नाही.

४. जिल्ह्याचं नाव बदललं, आता काय?

२०२४ साली अहमदनगरचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. मग आमच्यातल्या एका उत्साही सहकाऱ्याने "शोधा आणि बदला" वापरून सगळीकडे नवं नाव घातलं. चांगल्या हेतूनेच हो! पण त्यामुळे १९५२ साली जन्मलेल्या माणसाच्या मूळ जन्मस्थळातही अहिल्यानगर आलं. हाच दाखला पडताळणीला गेला असता आणि रजिस्टरातल्या पानाशी जुळला नसता, तर त्रास कुणाला? त्या घरातल्या लेकराला.

यातून धडा असा: जी गोष्ट इतिहास आहे, ती विद्यार्थ्याच्या ओळीत साठवा आणि तिला हात लावू नका. जी गोष्ट आजची आहे, म्हणजे शाळेचा पत्ता, जिल्ह्याचं नाव, मुख्याध्यापकांचं नाव, ती एका छोट्या "शाळा" तक्त्यात एकदाच लिहा. दाखला छापताना शीर्षकात नवं नाव येईल आणि जन्मस्थळात जुनं तसंच राहील. औरंगाबाद आणि उस्मानाबाद इथे जन्मलेल्या मुलांच्या बाबतीतही हेच.

मूळ रजिस्टरातली नोंद सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही, हे आपण सर्व जण जाणतो. डेटाबेसलाही तोच नियम लावा.

५. फाइल आत ठेवायची की बाहेर?

डेटाबेसमध्ये अख्खी फाइलसुद्धा साठवता येते. मग फोटो थेट आतच का ठेवू नयेत? थोडं गणित करू. एका पानाचा फोटो १ एमबी धरला आणि रजिस्टर २०० पानांचं, तर एका रजिस्टरचे २०० एमबी. पाच रजिस्टरं म्हणजे १ जीबी. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या फाइलची मर्यादाच २ जीबी आहे. लिब्रेऑफिस बेसचा आतला डेटाबेस तर सगळा एकाच ओडीबी फाइलमध्ये बांधलेला असतो. ती जड झाली आणि साठवताना वीज गेली, तर सगळंच एकदम जाण्याची भीती.

म्हणून शाळेसाठी माझा सल्ला: फाइली फोल्डरमध्ये ठेवा आणि डेटाबेसमध्ये फक्त फाइलचं नाव लिहा. वाचनालयात पुस्तकं मांडणीत असतात आणि कार्डावर मांडणीचा क्रमांक असतो, तसंच.

दोन पथ्यं पाळा. फाइलला नाव देताना आकड्याआधी शून्य लावा: रजिस्टर ०१, पान ०४५. नाहीतर काही ठिकाणी १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. दुसरं, पूर्ण पत्ता प्रत्येक ओळीत लिहू नका. आज पेनड्राइव्ह "ई" आहे, उद्या दुसऱ्या संगणकावर "एफ" होईल आणि हजार ओळी एका क्षणात चुकीच्या ठरतील. फोल्डरचा पत्ता "शाळा" तक्त्यात एकदाच ठेवा.

६. आता प्रोग्रामिंग: दाखला आपोआप

घाबरू नका. आधी प्रोग्रामशिवाय करून पाहा. रायटरमध्ये दाखल्याचा नमुना उघडा, व्ह्यू मेनूतून डेटा सोर्सेस उघडा. वर आपले तक्ते दिसतील. रकान्याचं शीर्षक उचलून नमुन्यात योग्य जागी सोडा. इतकं केलं तरी बोनाफाईड छापता येतं.

पुढची पायरी म्हणजे मॅक्रो. लिब्रेऑफिसची बेसिक भाषा त्यासाठी असते. मॅक्रोने करायच्या गोष्टी मी आधी वहीत साध्या मराठीत लिहिल्या, तुम्हीही तसंच करा:

१) रजिस्टर क्रमांक आणि नोंद क्रमांक विचारा.
२) "विद्यार्थी" तक्त्यात ती ओळ शोधा. नसेल तर "नोंद सापडली नाही" सांगा आणि थांबा.
३) "दिलेले दाखले" तक्त्यात याच मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आधी पूर्ण झालेला आहे का मोजा. एक किंवा अधिक असेल, तर "दुय्यम प्रत" हे शब्द धरून ठेवा.
४) नवीन जावक क्रमांक घ्या आणि "दिलेले दाखले" मध्ये ओळ लिहा. स्थिती: अपूर्ण.
५) रायटरचा नमुना उघडा. बुकमार्क केलेल्या जागी नाव, तारीख, इयत्ता भरा.
६) पीडीएफ तयार करून फोल्डरमध्ये साठवा.
७) फाइलचं नाव "दस्तऐवज" मध्ये आणि संबंध "जोड" मध्ये लिहा.
८) सगळं झाल्यावरच स्थिती "पूर्ण" करा.

चौथी आणि आठवी पायरी वेगळी का? समजा पाचव्या पायरीला वीज गेली. ओळ आधी लिहिलीच नसती, तर तोच जावक क्रमांक दुसऱ्याला गेला असता. आधीच "पूर्ण" लिहिलं असतं, तर न दिलेला दाखला दिल्याचं दिसलं असतं आणि पुढच्या वेळी खरी प्रतच "दुय्यम" म्हणून निघाली असती. "अपूर्ण" असलेली ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला सांगते, काल इथे काम थांबलं होतं. बँकेत पैसे पाठवताना हाच विचार केलेला असतो.

तिसऱ्या पायरीचा उपयोग आमच्या भागात फार आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं हंगामात ऊसतोडीला जातात. कोपीवर कागद भिजतो, हरवतो. मग फोन येतो, "सर, दाखला गेला हो." आधी दिलेल्या प्रतीची नोंद शोधायला पूर्वी जावक रजिस्टरं चाळावी लागत. आता एका मिनिटात उत्तर मिळतं, आणि पालकाची एका दिवसाची मजुरी वाचते.

मॅक्रो चालत नसेल तर दोन गोष्टी तपासा. लिब्रेऑफिसची सुरक्षा पातळी मुळातच उंच असते. ती खाली आणू नका, आपलं फोल्डर विश्वासू जागांच्या यादीत टाका. आणि बेसच्या आतल्या एचएसक्यूएलडीबी डेटाबेसला जावा लागतं, ते संगणकावर आहे का पाहा.

७. जपणूक आणि गुप्तता

तीन प्रती ठेवा: एक शाळेच्या संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर कुलपात, एक शाळेच्या इमारतीबाहेर, जबाबदार व्यक्तीकडे. महिन्यातून एकदा प्रत उघडूनही पाहा. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, ती नुसती आशा असते!

मुलांची माहिती ही आपल्याकडची ठेव आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्यात मुलांच्या माहितीची वेगळी काळजी घेतली आहे. तेव्हा रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. एका पानावर एकाचं काम असतं, पण वीस घरांची जात आणि जन्मतारीख त्यावर असते. गरज नसेल तर आधार क्रमांक या डेटाबेसमध्ये भरूच नका.

आणि हो, संगणकात आलं म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत नाही जायचं. पडताळणीला अस्सल पानच लागतं. डेटाबेस ते पान पटकन दाखवतो आणि वारंवार उलटण्यापासून वाचवतो, एवढंच त्याचं काम.

८. पालकांसाठी

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचा: नावाचं ऱ्हस्व-दीर्घ, आईचं नाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, रजिस्टरचा नोंद क्रमांक. मूल शाळेत असेपर्यंत चूक दुरुस्त करणं सोपं असतं, शाळा सुटल्यावर अवघड. नोंद क्रमांक घरच्या वहीतही लिहून ठेवा. तो एक आकडा तुमच्या नातवंडांच्या कामाला येईल.

९. वर्गात करून पाहण्याची कृती

सहावी-सातवीच्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो. रायटरमध्ये एक ओळ लिहा, ओडीटी फाइल साठवा. तिची एक प्रत काढून शेवटची तीन अक्षरं बदलून झिप करा आणि उघडा. आत अनेक छोट्या फाइली दिसतील. त्यातल्या "कंटेंट" नावाच्या फाइलमध्ये आपली ओळ सापडते! कागदपत्र म्हणजे नुसतं चित्र नसून उलगडता येणारी रचना असते, हे मुलांना तिथेच कळतं. ही रचना खुली आहे आणि २००६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. म्हणूनच उद्या लिब्रेऑफिस नसलं, तरी दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने आपला मजकूर वाचता येईल. पन्नास वर्षं टिकवायच्या कागदासाठी ही गोष्ट मोठी आहे.

मग वर्गाचा छोटा डेटाबेस करा: "पुस्तकं", "मुलं" आणि मध्ये "जोड". कोणी कोणतं पुस्तक नेलं ते मुलांनाच भरू द्या. आठवड्यात एक तरी मूल विचारेल, "सर, दोन संतोष आहेत, कोणता?" त्या दिवशी एकमेव क्रमांकाचा धडा शिकवावा लागत नाही.

सुरुवात एका रजिस्टरापासून करा, तेही सर्वांत जुन्या. रोज मधल्या सुट्टीनंतर पाच ओळी भरल्या, तरी वर्षभरात हजाराच्या आसपास नोंदी होतात. आमच्याकडे ते फाटलेलं पान आता पारदर्शक पाकिटात आहे. परवा त्याच घरातली एक मुलगी शिष्यवृत्तीच्या कामासाठी आली. पणजोबांचं नाव टाइप केलं आणि पान पडद्यावर आलं. ती बराच वेळ त्या अक्षराकडे पाहत होती. मूळ रजिस्टर आम्ही कपाटातून काढलंही नाही.

चला तर मग, आजच कपाट उघडा. शुभेच्छा!